पॅरासिटामॉल : दोनदा चुकलेला निवाडा

ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५६ मिश्र औषधांचे उत्पादन, विक्री आणि वितरण यांवर बंदी घातली. एकाच गोळीत किंवा बाटलीत दोन वा अधिक औषधे ठरावीक प्रमाणात एकत्र केलेली अशी ही मिश्रणे. त्या यादीत ॲसिक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम यांची गोळी होती. त्याआधी, जून २०२३मध्ये, १४ मिश्रणे बंद झाली. त्यांत निमेसुलाइड आणि पॅरासिटामॉल यांची पाण्यात विरघळणारी गोळी होती. पॅरासिटामॉलवर स्वतंत्रपणे कोणतीही बंदी नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. तरीही वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न येतोच. जे औषध आशा कार्यकर्तीच्या पेटीत असते, जे घरगुती उपाय म्हणून एक हजारापर्यंत लोकवस्तीच्या खेड्यात परवान्याशिवाय विकण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे, त्याचे नाव अशा याद्यांत का यावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर सुमारे एकशे चाळीस वर्षे मागे जावे लागते. पॅरासिटामॉलविषयी वैद्यकशास्त्राचा निवाडा एकदा नव्हे, दोनदा चुकला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते फारसा दोष नसताना दोषी ठरले आणि पन्नासहून अधिक वर्षे अडगळीत पडून राहिले. विसाव्या शतकाच्या मध्यास ते निर्दोष ठरले, आणि मग इतके निष्कलंक मानले गेले की त्याचा खरा धोका लक्षात यायला आणखी दहा वर्षे गेली. दोन्ही चुका एकाच जातीच्या होत्या. पहिल्या वेळी भलत्याच पदार्थाचा दोष याच्या माथी आला. दुसऱ्या वेळी धोका ज्या अवयवात आणि ज्या दिवशी प्रकट होतो, तिकडे कोणाचे लक्षच नव्हते.

कथेचा आरंभ १८८६ साली, त्या वेळी जर्मन साम्राज्यात असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरात होतो. तेथील आडोल्फ कुसमाउल यांच्या रुग्णालयात आर्नोल्ड कान आणि पॉल हेप हे दोन तरुण डॉक्टर आतड्यांतील जंतांवर नॅफ्थॅलीनचा प्रयोग करीत होते. जंतांवर गुण येईना; पण एका रुग्णाचा ताप मात्र झपाट्याने उतरला. चौकशीअंती कळले की पुरवठा करताना गफलत झाली होती. बाटलीत नॅफ्थॅलीन नव्हतेच. होते ॲसिटॅनिलाइड, म्हणजे डांबरापासून रंग बनवण्याच्या उद्योगातील एक स्वस्त रसायन. त्या काळी तापावर सिंकोनाच्या सालीचे क्विनीन आणि सॅलिसिलेट वर्गातील औषधे यांवाचून फारसे काही हाताशी नव्हते. ‘अँटिफेब्रिन’ या नावाने नवे औषध लगेच बाजारात आले.

पण त्याची किंमत लवकरच दिसू लागली. काही रुग्णांचे ओठ आणि नखे निळी पडत. रक्तातील हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होऊन त्याची ऑक्सिजन वाहून नेण्याची शक्ती नाहीशी होते, त्याचा हा परिणाम. मग रसायनशास्त्रज्ञ ॲसिटॅनिलाइडच्या कमी घातक भावंडांच्या शोधाला लागले. १८८७ साली बायर कंपनीने फेनॅसेटिन आणले आणि त्याचा मोठा बोलबाला झाला. याच कुळातील पॅरासिटामॉल त्याआधीच, १८७०च्या दशकात, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हार्मन मोर्स यांनी तयार केले होते. परंतु ते औषध म्हणून वापरावे, असा विचार तेव्हा कोणी केला नव्हता.

तो विचार जर्मन वैद्य योझेफ फॉन मेरिंग यांनी केला. स्वादुपिंड काढून टाकल्यास मधुमेह होतो, हे ऑस्कर मिन्कोव्स्की यांच्यासह १८८९ साली दाखवून देणारे हेच ते फॉन मेरिंग. १८९३ साली त्यांनी पॅरासिटामॉलचे रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले आणि फेनॅसेटिनच्या तुलनेत यानेही मेथहिमोग्लोबिन तयार होण्याचा काहीसा धोका संभवतो, असा अभिप्राय दिला. त्यांच्या नमुन्यात पॅरा-ॲमिनोफेनॉल या विषारी पदार्थाची भेसळ असावी, असा तर्क पुढे मांडला गेला. कारण काहीही असो, एका मान्यवर संशोधकाचा शब्द पुरेसा ठरला. फेनॅसेटिनची विक्री जगभर वाढत गेली आणि पॅरासिटामॉल ग्रंथालयातील जुन्या अंकांत पडून राहिले.

ही फाइल पुन्हा उघडली न्यूयॉर्कमध्ये. डोकेदुखीची औषधे घेणाऱ्यांना मेथहिमोग्लोबिनचा त्रास का होतो, हा प्रश्न औषधशास्त्रज्ञ बर्नार्ड ब्रोडी यांच्यापुढे आला. त्यांच्या हाताखाली ज्युलियस ॲक्सेलरॉड नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करीत होता. त्याच्याकडे तेव्हा पीएच.डी. पदवीही नव्हती, पुढे चेतासंदेशकांवरील कामासाठी १९७०च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. या दोघांनी विचारलेला प्रश्न आज साधा वाटतो, त्या वेळी नवा होता: औषध पोटात गेल्यावर त्याचे होते काय? १९४८ साली त्यांनी दाखवले की शरीरात ॲसिटॅनिलाइडचा मोठा भाग पॅरासिटामॉलमध्ये रूपांतरित होतो. वेदना शमते ती मुख्यतः या पॅरासिटामॉलमुळे. रक्त बिघडते ते मात्र दुसऱ्या वाटेने तयार होणाऱ्या ॲनिलीनमुळे. पाठोपाठ फेनॅसेटिनबाबतही हेच आढळले की त्याचेही शरीरात मुख्यतः पॅरासिटामॉल होते. साठ वर्षे लोक ज्याच्या गुणावर विसंबून होते, ते हे अडगळीतले औषधच होते.

मग दिवस पालटले. १९५५ साली अमेरिकेत मॅकनील कंपनीने लहान मुलांसाठी ‘टायलेनॉल’ हे द्रवरूप औषध आणले. १९५६ साली ब्रिटनमध्ये ‘पॅनाडॉल’च्या गोळ्या आल्या. प्रतिस्पर्ध्यांची कीर्ती तेव्हा उतरणीला लागली होती. ॲस्पिरिनने जठरातून रक्तस्राव होतो, हे डॉक्टरांना ठाऊक झाले होते. फेनॅसेटिनयुक्त वेदनाशामके वर्षानुवर्षे घेणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, अशी निरीक्षणे १९५३ साली स्वित्झर्लंडमधून प्रसिद्ध झाली होती. भारताने फेनॅसेटिनवर १९८३ साली बंदी घातली. पॅरासिटामॉल मात्र जठराला त्रास देत नव्हते आणि रक्त बिघडवत नव्हते. ज्या दोन कसोट्यांवर जुनी औषधे नापास झाली, त्या दोन्हींवर ते उत्तीर्ण झाले. तिसरी कसोटी लावण्याची गरज कोणाला वाटली नाही.

ती कसोटी यकृताची होती. १९६६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एडिंबरा येथील डेव्हिडसन आणि ईस्टहॅम यांनी दोन रुग्णांची हकिकत छापली. दोघांनीही पॅरासिटामॉलची अतिमात्रा घेतली होती आणि दोघेही यकृताच्या पेशी मरून दगावले. त्याच वर्षी कॅनडातील बॉइड आणि बेरेत्स्की यांनी उंदरांवरील प्रयोगांत हेच दाखवले. औषध बाजारात येऊन तेव्हा एक दशक उलटून गेले होते.

इतका उशीर का झाला? कारण हा विषबाधेचा प्रकार आपल्या ओळखीचा नाही. विष म्हटले की तडफड, बेशुद्धी, तोंडाला फेस, असे काही आपण गृहीत धरतो. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेत पहिले चोवीस तास बहुधा फारसे काही घडत नाही. थोडी मळमळ, उलटी, अन्नावरची वासना जाणे, घाम. कित्येकांना तेवढेही नाही. पुढे तर बरे वाटू लागल्याचा भास होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजव्या बरगडीखाली दुखू लागते आणि रक्ततपासणीत यकृताचे आकडे चढलेले दिसतात. कावीळ, रक्त न गोठणे, भ्रम आणि गुंगी ही लक्षणे साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतात. रुग्णाला पहिल्या दिवशी तपासून घरी धाडणाऱ्या डॉक्टरला हे दिसणार कसे? यकृत आतून जळत असताना माणूस वरून शांत असतो, ही या औषधाची खरी दहशत आहे.

असे का होते, याचा उलगडा १९७३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञांनी केला. त्या शोधनिबंधांवर जेरी मिचेल, डेव्हिड जॉलो, जेम्स गिलेट यांच्या बरोबरीने बर्नार्ड ब्रोडी यांचेही नाव आहे. ज्यांनी पाव शतकापूर्वी पॅरासिटामॉलला निर्दोष ठरवले, तेच आता त्याच्या दोषाचे कारण सांगणाऱ्यांत होते. विज्ञानात स्वतःच्याच निष्कर्षाला पुढचा प्रश्न विचारता येतो, याचे हे सुंदर उदाहरण.

यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. नेहमीच्या मात्रेतील पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग यकृत ग्लुक्युरोनिक आम्लाशी किंवा सल्फेटशी जोडून लघवीवाटे बाहेर टाकते. केवळ पाच ते दहा टक्के भाग सायटोक्रोम पी-४५० या विकरसमूहाच्या हाती जातो आणि त्यापासून ‘एनएपीक्यूआय’ नावाचा अतिशय क्रियाशील पदार्थ तयार होतो. यकृताच्या पेशींत ग्लुटाथिऑन नावाचा रक्षक रेणू असतो; तो या पदार्थाला तिथल्या तिथे निष्प्रभ करतो. मात्रा वाढली की सुरक्षित वाटा तुंबतात आणि अधिकाधिक औषध या तिसऱ्या वाटेने वळते. ग्लुटाथिऑनचा साठा झपाट्याने आटतो. तो सुमारे तीस टक्क्यांपर्यंत खाली आला की मोकाट सुटलेला पदार्थ पेशींतील प्रथिनांना चिकटतो आणि पेशी मरू लागतात.

म्हणजे धोका मात्रेबरोबर हळूहळू, सरळ रेषेत वाढत नाही. धरणात पाणी असेपर्यंत गावाला टंचाई जाणवत नाही आणि एका दिवशी नळ कोरडा पडतो, तसे हे आहे. म्हणूनच ‘आजवर काही झाले नाही’ हा अनुभव येथे कामाचा नाही. आणि म्हणूनच दोन माणसांचे धरणही सारखे नसते. कुपोषण, दिवसेंदिवसांचा उपवास, दीर्घ आजारात खाणे सुटणे यांमुळे ग्लुटाथिऑन मुळातच कमी असते. नियमित मद्यपानाने घातक पदार्थ बनवणारे विकर वाढते. तापात चार दिवस पेजेवर काढणारा अशक्त माणूस आणि धडधाकट तरुण यांना एकच मात्रा एकसारखी सुरक्षित असेल, असे नाही.

कारण कळले तसा उताराही सापडला. ग्लुटाथिऑन आटत असेल तर त्याचा कच्चा माल शरीराला पुरवावा, हा तर्क. एडिंबरा येथे लॉरी प्रेस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली सिस्टिअमीन वापरून यश मिळवले. पण त्याचे दुष्परिणाम त्रासदायक होते. मग त्यांनी कफ पातळ करण्यासाठी आधीपासून वापरात असलेले एन-ॲसिटिलसिस्टीन शिरेतून देऊन पाहिले. १९७९ साली त्यांनी गंभीर विषबाधेच्या १०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पहिल्या दहा तासांत उतारा मिळालेल्या ६२ जणांपैकी केवळ एकाच्या यकृताला गंभीर इजा झाली. पूर्वी केवळ आधारभूत उपचार मिळालेल्या ५७ जणांत हीच संख्या ३३ होती. पहिल्या आठ तासांत उतारा मिळाला तर यकृत जवळजवळ पूर्णपणे वाचते, असे त्यांनी दाखवले. उशिरा आलेल्या रुग्णांनाही त्याचा काही लाभ होतो, हे पुढे लंडनच्या डॉक्टरांनी दाखवले.

या आकड्यांमधील विसंगती नीट पाहायला हवी. उतारा सर्वांत प्रभावी असतो तो पहिल्या आठ तासांत. आणि याच आठ तासांत रुग्णाला दवाखान्यात जावेसे वाटत नाही, कारण त्याला काही होतच नसते. लक्षणांची वाट पाहणे म्हणजे उताऱ्याची वेळ दवडणे. १९६६पूर्वी डॉक्टरांना जे दिसले नाही, तेच आजही रुग्णाला दिसत नाही.

ब्रिटनने हा धडा कायद्यात उतरवला. तेथे मानसिक संकटाच्या क्षणी घरातील हाताशी असलेल्या गोळ्या घेतल्या जाण्याचे प्रमाण मोठे होते. सप्टेंबर १९९८पासून साध्या दुकानातील पाकिटात १६ आणि औषधालयातील पाकिटात ३२ गोळ्यांची मर्यादा घालण्यात आली. इंग्लंड आणि वेल्समधील पुढील अकरा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार या औषधाने होणारे मृत्यू सुमारे ४३ टक्क्यांनी घटले. घरातला साठा लहान ठेवण्यासारख्या साध्या गोष्टीने जीव वाचतात.

भारताचे चित्र मात्र वेगळे आहे आणि ते तसेच सांगायला हवे. ब्रिटन-अमेरिकेत यकृत अचानक निकामी होण्याचे प्रमुख कारण पॅरासिटामॉल आहे. आपल्याकडे ते स्थान हिपॅटायटिस ई आणि ए या विषाणूंचे आहे. औषधांपैकी पाहिले तर क्षयरोगावरील औषधे पुढे आहेत. मग आपण निश्चिंत राहावे का? नाही, कारण येथे कारण झाकले जाण्याची सोय अधिक आहे. ताप आला, अंग दुखले, चार दिवस गोळ्या घेतल्या आणि मग डोळे पिवळे झाले, तर आपल्या देशात संशय आधी पाण्यावर आणि विषाणूवर जातो. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण गेल्या चार दिवसांत कोणत्या गोळ्या, किती, हे विचारलेच नाही तर जेव्हा पॅरासिटामॉल कारण असते, किंवा विषाणूने आधीच घायाळ झालेल्या यकृतावर त्याचा भार पडलेला असतो, तेव्हाही ते नोंदीत येणार नाही.

हा हिशेब अवघड करणारी गोष्ट म्हणजे मिश्र गोळी. प्रौढ व्यक्तीसाठी चोवीस तासांतील कमाल मात्रा ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम, मानली जाते. कमी वजनाच्या, अशक्त किंवा यकृताचा आजार असलेल्या व्यक्तीला डॉक्टर याहून कमी देतात. आता एक साधी बेरीज करू. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी तीन वेळा घेतली : १९५०. नाक वाहते म्हणून ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी तीन वेळा : १५००. अंग ठणकते म्हणून ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली वेदनाशामक मिश्र गोळी दोन वेळा : ६५०. एकूण ४१००. या माणसाने कोणतीही गोळी ‘जास्त’ घेतलेली नाही. तीन वेगळ्या नावांच्या, तीन वेगळ्या रंगांच्या गोळ्या त्याने तीन वेगळ्या तक्रारींसाठी घेतल्या. त्यांतील एकच द्रव्य तिन्हींत आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही.

२०११ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे उत्पादकांना सांगितले, ते याच कारणाने. आपल्याकडील अनेक मिश्र गोळ्यांत आता हेच प्रमाण आढळते आणि पाकिटावर यकृताच्या हानीचा इशाराही छापलेला असतो. परंतु गोळ्या पाकिटातून सुट्या, कापलेल्या पट्टीतून घेतल्या की इशारा आणि घटकांची नावे दुकानातच राहतात.

लहान मुलांच्या बाबतीत घोटाळ्याचे आणखी एक स्थान आहे. बाळांसाठीच्या थेंबांत सामान्यतः एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते; साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि जोरदार सिरपमध्ये तेवढ्याच द्रवात २५०. म्हणजे सिरप समजून थेंबांच्या बाटलीतील औषध चमचाभर पाजले तर बाळाला चौपट मात्रा जाते. मुलांची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. परदेशातून आणलेल्या औषधांबाबतही सावध असावे. अमेरिकेत याच द्रव्याला ‘ॲसिटामिनोफेन’ म्हणतात. दोन्ही नावे एकाच रासायनिक नावातील वेगवेगळी अक्षरे उचलून बनली आहेत, पदार्थ एकच.

या इतिहासातून पॅरासिटामॉल टाकून द्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. तो तिसरा चुकीचा निवाडा ठरेल. डेंग्यूच्या तापात ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेथे डॉक्टर पॅरासिटामॉलच देतात. योग्य मात्रेत ते आजही ताप आणि वेदना यांवरील सर्वांत भरवशाच्या औषधांपैकी एक आहे. प्रश्न ते घेण्याचा नाही, मोजण्याचा आहे. गोळ्या मोजू नयेत, मिलिग्रॅम मोजावेत. पट्टीच्या पुढचे ठळक नाव वाचून थांबू नये, मागची बारीक अक्षरे वाचावीत. आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर सर्दीची, अंगदुखीची, पाळीच्या वेदनांची अशी प्रत्येक गोळी सांगावी.

आणि चुकून किंवा कोणत्याही कारणाने जास्त मात्रा पोटात गेलीच, तर बरे वाटत असले तरी त्याच तासाला रुग्णालय गाठावे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १९९५पासून यासाठी काम करते. त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. मन खचले असेल, जीव नकोसा झाला असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतही, बोलता येते. १९६६ साली एडिंबरामध्ये दगावलेल्या त्या दोन रुग्णांसाठी उतारा अस्तित्वातच नव्हता. आज तो आहे. फक्त आपण वेळेत पोहोचायला हवे.